बॉबस्लेचा मोसम नेमका कधी असतो? (आणि सेंट मॉरिट्झला गेलो तर काही बघायला मिळेल का?)

खडीसाखर | १४ नोव्हेंबर २०२२

नमस्कार मंडळी,

डिसेंबरअखेर आम्ही दोघं लेकीकडे झुरिकला निघालोय, १० फेब्रुवारीला परत. ह्यांनी यंदा बीजिंग ऑलिंपिकमधल्या बॉबस्लेच्या (बर्फाच्या उतरणीवरून स्लेज म्हणजे घसरगाडी पळवण्याच्या शर्यतींच्या) चित्रफिती यूट्यूबवर इतक्यांदा पाहिल्यात की आता 'एकदा समोर उभं राहून बघायचंच' हा हट्ट आहे. जावईबापू म्हणतात सेंट मॉरिट्झला ट्रॅक आहे, पण शर्यती कधी असतात ते त्यांनाही ठाऊक नाही. ते स्कीवाले.

मला पडलेले प्रश्न असे: हा खेळ फक्त ऑलिंपिकपुरता चार वर्षांतून एकदा होतो की दरवर्षी? दरवर्षी असेल तर मोसम कोणते महिने? आणि आम्ही तिथे असताना एखादी मोठी स्पर्धा आहे का? जाणकारांनी प्रकाश टाकावा. मी आपली रणजीपर्यंतच्या तारखा पाठ असणारी क्रिकेटवाली, यातलं काही कळत नाही.

तिरकस_तात्या | १४ नोव्हेंबर २०२२

अख्खं जग कतारच्या फुटबॉलसाठी टीव्ही पुसून बसलंय आणि ताईंना बर्फावरची घसरगुंडी हवी आहे. मान गये! जागा धरून ठेवतो.

इसारकाठ | १५ नोव्हेंबर २०२२

खडीसाखर ताई, तुम्हाला लॉटरी लागली आहे. सावकाश सांगतो.

म्युनिकला राहायला आल्यापासून दर हिवाळ्यात एकदोनदा तरी मी ट्रॅककडेला जाऊन उभा राहतो. मोसम मोटामोटी नोव्हेंबरच्या शेवटापासून फेब्रुवारीच्या शेवटापर्यंत, कधी मार्चच्या मध्यापर्यंत लांबतो. दरवर्षी. यातली कायमची मालिका म्हणजे वर्ल्ड कप. १९८४-८५ पासून चालू आहे. आपल्याकडे वर्ल्ड कप म्हटलं की चार वर्षांनी येणारी एकच स्पर्धा डोळ्यापुढे येते, इथे तसं नाही. गावोगावच्या जत्रेसारखं हे फिरतं प्रकरण आहे. या शनिवार-रविवारी एका गावात, पुढच्या आठवड्यात दुसऱ्या. प्रत्येक ठिकाणी पहिल्याला २२५ गुण, दुसऱ्याला २१०, तिसऱ्याला २००, असं करत मोसमाअखेर बेरीज. त्याच्या खालच्या पायरीवर युरोप कप आणि नॉर्थ अमेरिका कप, तिथे नवे पायलट (स्लेज हाकणारे) घडतात.

यंदाचा मोसम पुढच्या आठवड्यात कॅनडात व्हिस्लरला सुरू होतोय. मग अमेरिकेत पार्क सिटी आणि लेक प्लॅसिड. नाताळानंतर सगळे युरोपात. जर्मनीपासून सुरुवात, आणि शेवट लाटव्हियात सिगुल्डाला. अमेरिका आधी आणि युरोप नंतर (किंवा उलट) हे स्लेज वाहून नेण्याच्या खर्चामुळे. एकेक स्लेज दोनशे किलोंच्या आसपास, शिवाय सुटे रनर (स्लेज ज्यांच्यावर घसरते त्या खालच्या पट्ट्या), हत्यारं. एवढं लटांबर कोण दोनदोनदा समुद्रापार नेईल?

आता लॉटरी. या मालिकेपेक्षा वेगळी आणि मानाची म्हणजे जागतिक अजिंक्यपद स्पर्धा. १९३० पासूनची. सर्वसाधारण नियम असा की हिवाळी ऑलिंपिकच्या वर्षी ती नसते, बाकी दरवर्षी असते. २०२२ ला ऑलिंपिक झालं, म्हणून आता २०२३ ला आहे. कुठे? सेंट मॉरिट्झ. कधी? जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यापासून ५ फेब्रुवारीपर्यंत. पहिल्या शनिवार-रविवारी, म्हणजे २८-२९ जानेवारीला पुरुषांची दोघांची स्लेज, पुढच्या शनिवार-रविवारी चौघांची.

वर्ल्ड कपमध्ये एका दिवसात दोन फेऱ्यांत निकाल. अजिंक्यपदाला आणि ऑलिंपिकला दोन दिवसांत चार फेऱ्या, चारही वेळांची बेरीज. तुम्ही दुसऱ्या दिवशी जा, निकाल डोळ्यांसमोर लागेल.

खडीसाखर | १५ नोव्हेंबर २०२२

इसारकाठ, काय सांगता! ह्यांना वाचून दाखवलं, ते लगेच कपाटातून कानटोपी शोधायला उठले.

एक शंका. अजिंक्यपद दरवर्षी याच तारखांना असतं का? म्हणजे आमच्या विहिणीला पुढच्या वर्षी जायचं असेल तर?

इसारकाठ | १६ नोव्हेंबर २०२२

नाही, आणि हीच यातली मजा आहे. तारखा ठरतात त्या ट्रॅककडे बघून.

जगातले बाकी सगळे स्पर्धांचे ट्रॅक काँक्रीटचे आहेत, आत नळ्या, नळ्यांतून अमोनियासारखं शीतक फिरवून वर बर्फ धरतात. म्हणजे एक भलामोठा वळणावळणाचा फ्रीज. असला पहिला ट्रॅक आमच्याच बाजूला क्योनिग्जझेला, १९६८-६९ सालचा. (गेल्या वर्षी जुलैच्या पुरात तो पार उद्ध्वस्त झाला. डोंगरातून चिखल, ओंडके, सगळं ट्रॅकमधूनच खाली आलं. माझ्या आवडीचं वळण त्यातच गेलं. परत बांधायचं ठरलंय.) असल्या ट्रॅकवर ऑक्टोबरात बर्फ धरता येतो आणि मार्चपर्यंत टिकवता येतो.

सेंट मॉरिट्झचा एकटाच वेगळा. तिथे काँक्रीट नाही, नळ्या नाहीत. दक्षिण टिरोलमधून कारागीर येतात आणि दर हिवाळ्यात हिम आणि पाणी कालवून सव्वासतराशे मीटरचा ट्रॅक हाताने उभा करतात. फावडी आणि अनुभव, बस्स. डिसेंबरात तयार होतो, मार्चच्या सुरुवातीला संपतो, उन्हाळ्यात तिथे गवत. त्यामुळे तिथली मोठी स्पर्धा जानेवारीत किंवा फार तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला, थंडी पक्की असताना. दुसऱ्या एखाद्या गावी असेल तर हीच स्पर्धा मार्चात जाऊ शकते. विहीणबाईंना सांगा, आधी गाव बघायचं, मग तिकीट काढायचं.

प्रश्नचिन्ह | १६ नोव्हेंबर २०२२

छान माहिती. पण आपल्या भारताचा शिवा केशवन बॉबस्लेतच होता ना? तो कुठल्या महिन्यात खेळायचा?

इसारकाठ | १६ नोव्हेंबर २०२२

तो ल्यूज. १९९८ च्या नागानोपासून २०१८ च्या प्योंगचांगपर्यंत सलग सहा हिवाळी ऑलिंपिक. मनालीकडचा गडी. ट्रॅक बहुतेक तेच, महिनेही तेच, पण खेळ आणि महासंघ वेगळा.

ल्यूज: पाठीवर झोपून, पाय पुढे. स्केलेटन: पोटावर झोपून, डोकं पुढे. बॉबस्ले: बसून, बंद स्लेजमध्ये, पुढे पायलट आणि मागे ब्रेकमन. बॉबस्ले आणि स्केलेटन एका महासंघाखाली (१९२३ ला स्थापन झालेला), म्हणून त्यांच्या स्पर्धा बहुधा एकाच गावी लागून असतात.

तिरकस_तात्या | १६ नोव्हेंबर २०२२

डोकं पुढे करून बर्फावरून सव्वाशेच्या वेगाने. आणि आमची मातोश्री मला जिन्याच्या कठड्यावरून घसरलो म्हणून बदडायची.

जुनी_वही | १८ नोव्हेंबर २०२२

उशिरा आलो, पण बर्फ आणि तारखा हा विषय निघालाच आहे तर दोन शब्द माझेही. निवृत्तीनंतर ऑलिंपिकच्या इतिहासाच्या वह्या भरण्याचा छंद आहे.

या खेळाचा मोसमच मुळात हॉटेलवाल्यांनी घडवला असं म्हटलं तर चालेल. सेंट मॉरिट्झला इंग्रज पाहुणे हिवाळ्यात राहायला येऊ लागले, करमणूक म्हणून गावच्या रस्त्यांवरून स्लेज हाकू लागले, आणि गावकऱ्यांच्या अंगावर यायला लागले. १८९७ ला तिथे क्लब निघाला, १ जानेवारी १९०४ ला स्वतंत्र ट्रॅक खुला झाला. म्हणजे पाहुण्यांचा हंगाम तोच खेळाचा.

पण निसर्गाच्या भरवशावर तारखा ठरवल्या की काय होतं ते ऑलिंपिकने वारंवार भोगलंय. १९२८ ला खुद्द सेंट मॉरिट्झमध्ये ऐन फेब्रुवारीत उबदार वारा सुटला, बर्फ पाघळला, चारऐवजी दोनच फेऱ्यांवर निकाल लावावा लागला. १९६४ ला इन्सब्रुकला हिमच पडेना, तेव्हा ऑस्ट्रियाच्या सैनिकांनी डोंगरावरून वीस हजार बर्फाच्या विटा कापून खाली वाहून आणल्या आणि बॉबस्ले-ल्यूजचे ट्रॅक बांधले. १९६८ ला फ्रान्समध्ये आल्प द्युएझला ऊन इतकं कडक की शर्यती पहाटे घेतल्या, तरी चौघांच्या स्पर्धेत दोनच फेऱ्या झाल्या. १९६० चा किस्सा तर सगळ्यात न्यारा. स्क्वॉ व्हॅलीच्या आयोजकांनी ट्रॅकच बांधला नाही! नऊच देश येणार, एवढ्यासाठी खर्च कोण करणार, म्हणाले. १९२४ पासून आजवर फक्त त्याच वर्षी बॉबस्ले ऑलिंपिकमध्ये नव्हता.

आता एका माणसाबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. इटलीचा युजेनियो मोंटी. १९६४, इन्सब्रुक, दोघांची शर्यत. ब्रिटनच्या टोनी नॅशच्या स्लेजच्या मागच्या आसाचा बोल्ट मोडला. पहिली फेरी झालेली, सुटा भाग जवळ नाही. मोंटीने स्वतःच्या स्लेजचा बोल्ट काढून दिला. नॅश आणि डिक्सन सुवर्ण घेऊन गेले, मोंटीला कांस्य. इटलीत त्याच्यावर टीका झाली तेव्हा त्याचं म्हणणं एवढंच होतं की नॅश माझ्या बोल्टमुळे नाही, सर्वांत वेगवान होता म्हणून जिंकला. पुढे या खिलाडूपणासाठी आधुनिक ऑलिंपिकचे जनक कुबेर्तँ यांच्या नावाचं पदक सुरू झालं, त्याचा पहिला मानकरी मोंटीच. आणि १९६८ ला, वयाच्या चाळिशीत, त्याला दोन सुवर्णं मिळाली. त्यातलं दोघांच्या शर्यतीचं कसं मिळालं? चार फेऱ्यांची बेरीज जर्मनीच्या फ्लोथशी बरोबरीत सुटली, आणि सर्वांत वेगवान एक फेरी कोणाची यावर निकाल लागला.

आता नियम उदार झालाय. १९९८ ला इटली-कॅनडा आणि २०१८ ला जर्मनी-कॅनडा बरोबरीत आले तेव्हा दोघांनाही सुवर्ण दिलं. शतांश सेकंदापर्यंत सारखी वेळ, चार-चार फेऱ्या करून! विचार करा.

रानजाई | १८ नोव्हेंबर २०२२

जुनी_वही काका, मोंटीवर वेगळा लेख लिहाच. अंगावर काटा आला.

मुक्काम_उटाह | २० नोव्हेंबर २०२२

+१ काका.

पार्क सिटीचा ट्रॅक माझ्या घरापासून गाडीने अर्ध्या-पाऊण तासावर. २००२ च्या ऑलिंपिकचा. स्त्रियांचा बॉबस्ले ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा इथेच झाला. जिल बॅकन आणि व्होनेटा फ्लॉवर्स जिंकल्या, आणि हिवाळी ऑलिंपिकमध्ये सुवर्ण जिंकणारी पहिली कृष्णवर्णीय खेळाडू म्हणून फ्लॉवर्सचं नाव लागलं. ती मुळात धावपटू, लांब उडीवाली. अलाबामासारख्या उन्हाळी मुलखातली.

यावरून एक सांगतो. शर्यतींचा मोसम नोव्हेंबर ते मार्च, पण खेळाडूंचा मोसम उन्हाळ्यातच सुरू होतो. स्लेज ढकलणाऱ्यांना सुरुवातीच्या पन्नास मीटरांत, पाचेक सेकंदांत, सगळा जीव ओतायचा असतो. म्हणून उन्हाळ्यात वजनं, धावणं, आणि रुळांवरून चाकांची स्लेज ढकलायचा सराव. शरद ऋतूत निवड चाचण्या. पुष्कळजण तर धावण्याच्या मैदानावरून थेट आलेले. लॉरिन विल्यम्सने २०१२ ला लंडनला रिलेचं सुवर्ण मिळवलं आणि २०१४ ला सोचीत बॉबस्लेचं रौप्य.

इथे पैसे भरून पर्यटकांनाही पायलटच्या मागे बसवतात. मी एकदा बसलो. उतरल्यावर दहा मिनिटं बायकोशी बोललो नाही, तिला वाटलं रुसलोय.

बो_नदीकाठी | २१ नोव्हेंबर २०२२

कॅलगरीहून. आमच्याकडच्या १९८८ च्या ऑलिंपिकचा उल्लेख राहिलाच. काकांच्या यादीत भर: त्या फेब्रुवारीत चिनूक वारे सुटले (इथला डोंगर उतरून येणारा उष्ण वारा, दिवसात पारा वीस अंशांनी चढतो), बर्फावर धूळमाती येऊन बसली आणि दोघांची शर्यत पुढे ढकलावी लागली. कृत्रिम गारठा असूनही! तेव्हा इसारकाठ, फ्रीज असला तरी त्याचं दार उघडंच असतं.

जमैकाचा प्रसिद्ध संघ इथलाच. चौघांची स्लेज उलटली, हे खरं. पण त्यांच्यावरच्या सिनेमात दाखवलं तसं ती खांद्यावर उचलून नेली नव्हती, ते तिच्याबरोबर चालत शेवटापर्यंत गेले. आणि हसण्यावारी नेणाऱ्यांसाठी: १९९४ ला लिलेहॅमरला तेच जमैकावाले चौदावे आले, अमेरिकेच्या वर. अमेरिकेची एक स्लेज तर रनर ठरलेल्या मर्यादेपेक्षा गरम निघाले म्हणून बाद झाली होती.

आमचा ट्रॅक मात्र २०१९ ला बंद पडला. दुरुस्तीचे पैसे पुरेसे जमले नाहीत. त्यामुळे कॅनडात आता उरलं फक्त व्हिस्लर.

खडीसाखर | ३० जानेवारी २०२३

आले जाऊन! वचन दिलं होतं म्हणून लगेच लिहिते.

काल रविवारी गेलो. जावयांनी शनिवारीच कूरला मुक्कामाला नेलं आणि पहाटेच्या लाल गाडीत बसवलं. ती गाडी डोंगर पोखरून, वर्तुळाकार बोगद्यांतून चढते, पण ह्यांचं लक्ष बाहेर नव्हतंच. सेलेरिनाला उतरलो. तिथे ट्रॅक संपतो. तिथून ट्रॅकच्या कडेकडेने पायवाट वर चढत सेंट मॉरिट्झपर्यंत जाते, आणि वाटेत कुठेही थांबून बघता येतं. हे मला माहीत नव्हतं. मी स्टेडियमसारखं काहीतरी समजत होते.

शर्यत सकाळची, कारण नंतर ऊन येतं. जिथे ऊन थेट पडतं तिथे ट्रॅकवर कापडी पडदे सोडलेले. बर्फ वाळवणासारखा झाकून ठेवलेला बघून मला आमच्या गच्चीवरचे पापड आठवले, फक्त उलट कारणासाठी.

आम्ही ते घोड्याच्या नालेच्या आकाराचं प्रसिद्ध वळण गाठलं. भिंत माझ्या दुप्पट-तिप्पट उंच, आणि ती नुसती पाणी-बर्फाची. बोट लावून बघावंसं वाटत होतं, लेकीने हात धरला. ध्वनिक्षेपकावर नाव पुकारतात, मग काही वेळ काहीच नाही. मग लांबून मालगाडी यावी तसा खडखडाट. जमीन थरथरते. आणि एकदम भिंतीवर आडवी झालेली स्लेज, दोन हेल्मेट, आणि संपलं! एक-दीड सेकंद फार तर. मी पहिली स्लेज पाहिलीच नाही, डोळे मिटले. दुसरी नीट बघितली. पाचव्यापासून मला आवाजावरून कळायला लागलं की ही वेगात आहे की घासत आलीये. ह्यांचं म्हणणं मी थापा मारतेय.

सबंध फेरी एक मिनिट आणि वर काही सेकंदांची. मग स्लेज ट्रकवर चढवून परत वर.

जर्मनीच्या योहानेस लोखनरने जिंकली. लोक सांगत होते की त्यांचाच फ्रान्सेस्को फ्रीडरिख २०१३ पासून या शर्यतीत अजिंक्यपद सोडतच नव्हता, सलग सात. आणि आम्ही नेमके तो हरला त्या दिवशी हजर! ह्यांना फ्रीडरिखच बघायचा होता, त्यामुळे परतीच्या गाडीत थोडी शांतता होती.

थंडीचं विचारू नका. दोन पायमोजे, तरी बोटं आहेत की नाहीत कळत नव्हतं. लेकीने नेलेल्या थर्मासातला चहा आणि माझे मेथीचे लाडू, एवढ्यावर निभावलं. शेजारच्या एका स्विस आजोबांना लाडू दिला. त्यांनी चावला, थांबले, आणि नम्रपणे खिशात ठेवला.

तिरकस_तात्या | ३० जानेवारी २०२३

ते आजोबा आता तो रनर म्हणून वापरत असतील. वृत्तांत झकास!

जुनी_वही | ३१ जानेवारी २०२३

वाळवणाची उपमा फार आवडली. साठ वर्षांपूर्वी इन्सब्रुकला बर्फाच्या विटा सैनिकांनी वाहिल्या, आज पडदे. पुढील लेखनास शुभेच्छा.

इसारकाठ | ३१ जानेवारी २०२३

आवाजावरून कळतं हे शंभर टक्के खरं आहे. थापा नाहीत. काकांना सांगा.

प्रश्नचिन्ह | १७ मार्च २०२५

धागा वर काढतोय. परवा लेक प्लॅसिडची अजिंक्यपद स्पर्धा संपली. फ्रीडरिखने दोघांचं आणि चौघांचं, दोन्ही सुवर्णं घेतली. (खडीसाखर ताई, काकांना कळवा.) २०२३ ला ही स्पर्धा जानेवारीअखेर, गेल्या वर्षी विंटरबर्गला फेब्रुवारी-मार्चात, यंदा थेट ६ ते १५ मार्च. इसारकाठ यांचं 'आधी गाव बघा' आता पटलं. मग पुढच्या वर्षी कुठे?

इसारकाठ | १७ मार्च २०२५

पुढच्या वर्षी कुठेच नाही, कारण ऑलिंपिक आहे. ६ ते २२ फेब्रुवारी २०२६, मिलान आणि कोर्टिना. बॉबस्लेची पदकं दुसऱ्या निम्म्यात: १५ तारखेपासून स्त्रियांची एकटीची स्लेज, चौघांचा निकाल अगदी शेवटच्या दिवशी, २२ ला. ऑलिंपिकच्या मोसमात बाकी सगळं त्याभोवती बेतलेलं असतं. जानेवारीपर्यंत वर्ल्ड कप उरकायचा, पात्रता ठरवायची, की मग फेब्रुवारी मोकळा.

गंमत म्हणजे ट्रॅक अजून पुरा व्हायचाय. कोर्टिनाचा जुना ट्रॅक, ज्याला काकांच्या मोंटीचं नाव होतं, तो २००८ ला बंद पडलेला. नव्याचं काम २०२४ च्या फेब्रुवारीत सुरू झालं, बारा कोटी युरोंच्या आसपास खर्च. वेळेत न झाल्यास म्हणून पर्यायी जागा ठरवून ठेवली आहे, ती कोणती? लेक प्लॅसिड. म्हणजे इटलीतल्या ऑलिंपिकची घसरगुंडी अटलांटिकपलीकडे! या महिनाअखेरीस कोर्टिनात पहिल्या चाचणी फेऱ्या आहेत. त्या पार पडल्या की माझा जीव भांड्यात पडेल, कारण मी हॉटेल करून बसलोय.

जुनी_वही | १८ मार्च २०२५

जुन्या ट्रॅकवर १९५६ चं ऑलिंपिक झालं होतं. मोंटी त्याच गावाजवळचा. नव्या ट्रॅकलाही त्याचं नाव राहावं अशी आपली इच्छा.

खडीसाखर | १९ मार्च २०२५

कळवलं. फ्रीडरिख जिंकला म्हणून रात्री शिरा झाला. आता २२ फेब्रुवारी कॅलेंडरवर गोल करून ठेवलाय, रविवार आहे. इसारकाठ, तिकडच्या वेळेत साडेचार तास मिळवले की आपली वेळ, बरोबर ना? मार्चअखेर घड्याळं पुढे जातात तेव्हा साडेतीन होतं असं लेक म्हणाली, पण फेब्रुवारीत साडेचारच.

इसारकाठ | १९ मार्च २०२५

बरोबर, साडेचार. आणि कोर्टिनाला मेथीचे लाडू मिळत नाहीत, तेव्हा पार्सलचा पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.